बाबासाहेब काय शिकले?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर दिवसाचे किती तास अभ्यास करीत, हे आमच्या शाळेतील पाचवीच्या मुलालाही सांगता येते. १४ एप्रिलच्या निबंधस्पर्धेत अठरा तासांचा उल्लेख नाही, असा निबंध आम्ही इतक्या वर्षांत क्वचितच तपासला असेल. परंतु त्या अठरा तासांत ते वाचत काय होते, असे विचारले की वर्ग शांत होतो. वर्गच कशाला, मोठ्यांच्या सभेतही पदव्यांची यादी वाचली जाते आणि टाळ्या पडतात. त्या पदव्यांमागे कोणते विषय होते, ते शिकताना काय सोसावे लागले आणि ती विद्या पुढे नेमकी कोठे उपयोगी पडली, याचा हिशेब सहसा मांडला जात नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने तो थोडासा मांडावा, असे आम्ही योजिले आहे. त्याला कारणही आहे. वसतिगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनी पुढे काय शिकावे, हा प्रश्न दर जून महिन्यात आमच्यासमोर उभा राहतो. लवकर पोटाला लागेल असे काहीतरी शिकवा, असा सल्ला देणारे हितचिंतक पुष्कळ असतात. त्यांचा हेतू चांगला असतो. तरी या सल्ल्यापुढे बाबासाहेबांची विद्यार्थीदशा ठेवून पाहणे आवश्यक आहे.

त्यांचे बालपण सर्वांना ठाऊक आहे, म्हणून आम्ही ते थोडक्यात सांगतो. १८९१ साली महू येथे जन्म, लष्करी शाळेत शिक्षक असलेले वडील सुभेदार रामजी, साताऱ्याच्या शाळेतले गोणपाट, नंतर मुंबईत परळच्या चाळीतील एकच खोली आणि एल्फिन्स्टन हायस्कूल. संस्कृत शिकण्याची इच्छा होती, पण ते दार बंद असल्यामुळे फारसी घ्यावी लागली. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर झालेल्या सत्कारात कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती ठेवले. याच केळुसकरांनी पुढे त्यांना सयाजीराव गायकवाड महाराजांकडे नेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ साली ते बी. ए. झाले. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील गेले. घरात पत्नी रमाबाई, लहान मूल आणि मोठे कुटुंब होते. अशा वेळी कोणीही शहाण्या माणसाने नोकरीच धरली असती. बडोदा संस्थानात ती मिळालीही होती.

परंतु त्याच वर्षी महाराजांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत पाठविण्याचे ठरविले. ४ जून १९१३ रोजी भीमरावांनी करारावर सही केली. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, अशी अट होती. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची आणि मुदत तीन वर्षांची. जुलै महिन्यात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांला त्या वर्षाचे विशेष महत्त्व वाटते. १९१३ हे अमेरिकेच्या अर्थजीवनातील मोठ्या घडामोडींचे वर्ष होते. फेब्रुवारीत त्या देशाच्या राज्यघटनेत दुरुस्ती होऊन प्राप्तिकर बसविण्याचा अधिकार केंद्रीय शासनाला मिळाला. श्रीमंताकडून त्याच्या ऐपतीच्या प्रमाणात कर घ्यावा, या विचाराचे एक मोठे पुरस्कर्ते प्राध्यापक एडविन सेलिग्मन कोलंबियातच शिकवीत होते आणि तेच भीमरावांचे मार्गदर्शक झाले. डिसेंबरात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकव्यवस्थेचा कायदा झाला. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी केन्स या तरुण अर्थशास्त्रज्ञाचे हिंदुस्थानच्या चलनपद्धतीवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षी महायुद्ध पेटले. म्हणजे कर कोणी भरावा, पैसा कोणी निर्माण करावा आणि राष्ट्रांनी एकमेकांशी कसे वागावे, हे प्रश्न साऱ्या जगासमोर उभे असताना हा विद्यार्थी त्या वर्गात बसला होता.

त्याने कोणते विषय घेतले, याची नोंद विद्यापीठाच्या दप्तरात आहे. तीन वर्षांत अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी एक. एकूण ६०. वाचकांनी या आकड्यांपाशी क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. ज्याला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला नाही, त्या मुलाने अस्पृश्यतेचा प्रश्न सोडविण्यासाठी निम्मा वेळ अर्थशास्त्राला दिला. आपले दुःख तर त्याला पाठ होते; पण ते दुःख ज्या व्यवस्थेत घडते, तिचे हिशेब त्याला समजून घ्यायचे होते. महसूल येतो कोठून, जातो कोठे, व्यापार कोणाच्या हातात आहे, हे कळल्यावाचून दारिद्र्याचे मूळ सापडत नाही, असे त्याला वाटले असावे. १९१५ साली एम. ए. साठी त्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यकारभाराचा आणि अर्थव्यवहाराचा अभ्यास सादर केला. पुढच्या वर्षी मे महिन्यात प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातिसंस्थेच्या उगमावर निबंध वाचला. तेव्हा वय होते २५. जात ही रक्ताची वा वंशाची बाब नसून जातीबाहेर लग्न न करण्याच्या रूढीने बंद केलेला तो गट आहे, हा त्या निबंधाचा गाभा. मानववंशशास्त्राचे चार अभ्यासक्रम येथे कामाला आले.

जॉन ड्यूई यांचे तत्त्वज्ञान त्यांनी तेथेच ऐकले. लोकशाही ही मतपेटीपुरती नसून एकत्र जगण्याची रीत आहे, हा विचार बाबासाहेबांच्या पुढील लेखनात कितीदा तरी भेटतो. इतिहासाचे प्राध्यापक जेम्स शॉटवेल हे १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेत आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या उभारणीत सहभागी झाले. त्यांचा हा भारतीय विद्यार्थी पुढे भारताचा मजूर मंत्री होणार होता. योगायोगाला आम्ही फार महत्त्व देत नाही. पण वर्गात काय वातावरण होते, ते यावरून समजते.

या काळात त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे २००० ग्रंथ जमविले, असे चरित्रकार सांगतात. तेही शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवून आणि जेवणात काटकसर करून.

जून १९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचा आणि ग्रेज इनमध्ये कायद्याचा अभ्यास सुरू झाला. तेवढ्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुरा करण्याची मुभा तेवढी मिळाली. दुसऱ्या जहाजाने पाठविलेले सामान आणि पुस्तके जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्राच्या तळाला गेली. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईत उतरले. सामानाची जी नुकसानभरपाई मिळाली, ती बडोद्याच्या प्रवासखर्चाला उपयोगी पडली. बडोद्यात काय झाले, हे सांगताना आजही आमच्या वर्गातील मुले मान खाली घालतात. कोलंबियात शिकून आलेल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर शिपाई लांबून फायली फेकीत. शहरात राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहातून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. दिवसभर एका बागेत झाडाखाली बसून त्यांनी मुंबईची गाडी गाठली.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. शिक्षणाने सर्व काही बदलते, असे भाषणातून सांगितले जाते. बडोद्याने १९१७ साली दाखवून दिले की परदेशातील उच्च विद्यासुद्धा एका माणसाला एक खोली मिळवून देऊ शकत नाही. शिकलेल्याचा समाजाकडून होणारा अपमान ही शिक्षणाची उणीव नव्हे, पण शिक्षण एकट्याचे राहिले तर काय होते, याचा तो पुरावा आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथेही काही प्राध्यापकांनी त्यांच्या पाणी पिण्यावर हरकत घेतली. पाणी हा शब्द या चरित्रात वारंवार येतो. वाचकांनी तो लक्षात ठेवावा.

याच वर्षी त्यांनी लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. तुकडे एकत्र करा म्हणजे शेती सुधारेल, असे तेव्हाचे तज्ज्ञ सांगत होते. भीमरावांचा निष्कर्ष वेगळा होता. शेत लहान की मोठे, हे एकरांवरून ठरत नाही. त्यात किती भांडवल आणि किती श्रम पडतात, यावरून ठरते. जमिनीवर जगणाऱ्या जादा हातांना दुसरे काम मिळाल्याशिवाय शेतीचा प्रश्न सुटणार नाही आणि त्यासाठी उद्योगधंदे वाढले पाहिजेत. मराठवाड्यातील आणि विदर्भातील ज्या घरांतून आमची मुले येतात, त्या घरांत दीड-दोन एकरांवर पाच-सहा माणसे राबताना आम्ही पाहतो, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचा हा निबंध जुना वाटत नाही.

सिडनहॅमच्या पगारातून पैसे साठवून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून ५००० रुपयांचे कर्ज घेऊन ते जुलै १९२० मध्ये पुन्हा लंडनला निघाले. त्यापूर्वी, ३१ जानेवारीला, ‘मूकनायक’ सुरू झाले होते. मुंबईत परळच्या चाळीत रमाबाई संसार रेटीत होत्या. या दांपत्याची चार मुले अल्पवयात गेली. बाबासाहेबांच्या विद्येची किंमत मोजणाऱ्यांत पहिले नाव रमाबाईंचे आहे आणि पदव्यांच्या यादीत ते कोठेच येत नाही.

लंडनमधील त्यांचा दिवस ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात उजाडे आणि तेथेच मावळे. या अठरा तासांत ते काय वाचीत होते, याचे उत्तर आता देता येईल: रुपया.

विषय कठीण वाटतो, परंतु आम्ही नववीच्या वर्गात तो समजावून सांगतो आणि मुलांना समजतो. पूर्वी रुपया चांदीचा होता आणि टांकसाळीत कोणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शके. जगात चांदीचा भाव घसरू लागला, तसा रुपयाही घसरला. सरकारला इंग्लंडमध्ये द्यावयाच्या रकमा सोन्यात असल्यामुळे त्याची अडचण झाली. म्हणून १८९३ साली जनतेसाठी टांकसाळी बंद करण्यात आल्या. पुढे रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स असा बांधून ठेवण्यात आला आणि तो टिकविण्यासाठी लंडनमध्ये सोन्याची गंगाजळी ठेवण्याची पद्धत बसली. या सुवर्ण विनिमय पद्धतीची केन्स यांनी आपल्या पुस्तकात प्रशंसा केली होती. भीमरावांनी त्याच पद्धतीवर बोट ठेवले. लोकांसाठी टांकसाळ बंद, परंतु सरकारसाठी उघडी; म्हणजे किती रुपये पाडावेत, हे सरकारच्या मर्जीवर. मर्जीने पैसा वाढला की त्याची खरेदीची शक्ती घटते. परदेशाशी असलेला हुंडणावळीचा दर स्थिर दिसतो आणि इकडे बाजारात ज्वारी महाग होते. ज्याची मजुरी ठरलेली आहे, त्याच्या ताटातील भाकरी लहान होते. चलन स्थिर आहे की नाही, हे लंडनच्या दरावरून न ठरविता देशातील किंमतींवरून ठरवावे आणि सरकारच्या हातून मनमानी चलननिर्मितीचा अधिकार काढून घ्यावा, असा त्यांचा सिद्धान्त होता.

ऑक्टोबर १९२२ मध्ये प्रबंध सादर झाला. परीक्षकांना त्याची भाषा आणि त्यातील टीका मानवली नाही. फेरलेखन करण्यास सांगण्यात आले. पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये मुंबईस परतून त्यांनी येथूनच सुधारित प्रबंध पाठविला. निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. त्याच वर्षाअखेर डी. एस्सी. मिळाली आणि ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. त्यांचे काही मुद्द्यांवर आपल्या विद्यार्थ्याशी मतभेद होते, तेही त्यांनी प्रस्तावनेत नोंदविले. गुरूने मतभेद उघड सांगून शिष्याचा गौरव करावा, ही रीत आमच्या शाळा-महाविद्यालयांत अजून रुजायची आहे.

१५ डिसेंबर १९२५ रोजी हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखालील चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. रुपया स्वस्त ठेवावा, अशी गिरणीमालकांची आणि व्यापाऱ्यांची मागणी होती. राष्ट्रहिताच्या नावाने ती केली जात होती. चलन स्वस्त झाल्याने व्यापाऱ्याला जो नफा होतो, तो महागाईच्या वाटेने मजुराच्या खिशातून येतो, हे डॉ. आंबेडकरांनी आयोगाला दाखवून दिले. हुंडणावळीच्या दराच्या चर्चेत मजुराचा कैवार घेणारे त्या वेळी किती थोडे होते!

जयंतीच्या व्यासपीठांवरून रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली, असे एका वाक्यात सांगून टाकले जाते. आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना तसे लिहू देत नाही. रिझर्व्ह बँकेचा कायदा १९३४ चा, बँक सुरू झाली १ एप्रिल १९३५ रोजी, आणि मध्यवर्ती बँकेची शिफारस याच आयोगाच्या अहवालात होती. त्या आयोगापुढे भारतीय चलनाची सर्वांत मूलगामी चिकित्सा ज्यांनी मांडली, त्यांत बाबासाहेब होते. परंतु आयोगाने सुचविलेली चलनव्यवस्था त्यांनी मांडलेल्या योजनेप्रमाणे नव्हती. त्यांचे खरे मोठेपण इतके भरीव आहे की त्यावर ऐकीव गोष्टींची झालर लावण्याची गरज नाही. ज्या महापुरुषाने आयुष्यभर पुरावे मागितले, त्याच्याविषयी तरी पुराव्याने बोलावे.

१९२७ हे वर्ष पाहा. मार्च महिन्यात मुंबई कायदेमंडळात ते शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. सरकार दरडोई शिक्षणावर १४ आणे खर्च करते आणि अबकारी करापोटी दरडोई २ रुपयांहून अधिक वसूल करते, हे त्यांनी आकडे देऊन दाखविले. दारूवर जेवढे घेता, तेवढे तरी शाळेवर खर्च करा, असा त्यांचा आग्रह होता. प्राथमिक शाळेत येणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत १८ च पोहोचतात, हेही त्यांनी सांगितले. त्याच महिन्याच्या २० तारखेला महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. जूनमध्ये कोलंबियाची पीएच. डी. रीतसर प्रदान झाली. ब्रिटिश भारतातील केंद्र आणि प्रांत यांच्यातील महसुलाच्या वाटणीवरचा तो प्रबंध सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह दोन वर्षांपूर्वीच प्रसिद्ध झाला होता. अनुदान, तळे आणि प्रबंध ही तीन वेगळी कामे आहेत, असे आम्हांला वाटत नाही. सार्वजनिक पैसा कोणाचा आणि सार्वजनिक पाणी कोणाचे, हा एकच प्रश्न तिन्ही ठिकाणी आहे. पुढे संविधान घडविताना केंद्र आणि राज्ये यांच्यातील महसुलाच्या वाटपासाठी २८० व्या अनुच्छेदात वित्त आयोगाची तरतूद झाली, तेव्हा मसुदा समितीचा अध्यक्ष या विषयाचा तीस वर्षांचा अभ्यासक होता.

गोलमेज परिषदा, पुणे करार, स्वतंत्र मजूर पक्ष, खोतीविरोधी विधेयक, १९३८ चा कामगारांचा संप या सर्वांवर स्वतंत्रपणे पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही १९४२ कडे वळतो. जुलै महिन्यात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले आणि कामगारांबरोबरच पाटबंधारे आणि वीज ही खातीही त्यांच्याकडे आली. जुलै १९४३ मध्ये दामोदर नदीला पूर आला, बांध फुटला, रेल्वे आणि महामार्ग तुटून कलकत्त्याचा उत्तरेकडील संपर्क खंडित झाला. बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती, त्याच वर्षीची ही गोष्ट. पूर आला की बांध उंच करायचा, ही जुनी रीत होती. बाबासाहेबांच्या खात्याने अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या योजनेकडे पाहिले. तेथे संपूर्ण नदीखोरे एक मानून पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार झाला होता. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात बंगाल आणि बिहार या दोन्ही सरकारांना एकत्र बसवून त्यांनी परिषद घेतली. नदी प्रांताची सीमा ओळखत नाही, मग योजना तरी सीमेशी का थांबावी, ही त्यामागील भूमिका. नोव्हेंबरमध्ये कटक येथे महानदीवर दुसरी परिषद झाली. ओरिसाचा पूर समुद्रात लोटून देण्याचा विचार करणाऱ्यांना त्यांनी सांगितले की जास्त पाणी हे संकट नसून संपत्ती आहे, माणसे पाण्याच्या अभावाने अधिक मरतात, म्हणून ते साठविले पाहिजे. दामोदर खोरे निगम १९४८ साली कायद्याने अस्तित्वात आले.

महाडच्या तळ्यावर ओंजळभर पाण्याचा हक्क मागितल्यानंतर अठरा वर्षांनी तोच माणूस दोन प्रांतांच्या नदीचे पाणी कसे वाटावे, हे ठरवीत होता. इतिहास शिकविताना आम्हांला याहून मोठा प्रवास दुसरा माहीत नाही. धरणांखाली गेलेल्या गावांचा आणि विस्थापित आदिवासींचा हिशेब मात्र पुढच्या पिढ्यांना मांडावा लागला, तो अजून पुरा झालेला नाही. हेही आम्ही वर्गात सांगतो. आज पाऊस लहरी झाला आहे, एकाच जिल्ह्यात एकाच वर्षी दुष्काळ आणि अतिवृष्टी दोन्ही होतात. संपूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार करणारी माणसे आपल्याला पुन्हा हवी आहेत आणि ती कोठून येणार, हा प्रश्न आहे.

कामगारांच्या बाबतीत १९४६ च्या कारखाना कायद्यातील दुरुस्तीने आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. ड्यूबॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर पाठविले. कोलंबिया विद्यापीठ हार्लेमच्या शेजारी आहे. तेथे तीन वर्षे राहिलेल्या माणसाला आपला प्रश्न जगातल्या दुसऱ्या कोणाचा तरी प्रश्न आहे, हे शिकवावे लागले नसावे.

आता ज्या हितचिंतकांचा आम्ही आरंभी उल्लेख केला, त्यांच्यासाठी एक नोंद. ऑक्टोबर १९४२ मध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉयना अस्पृश्य समाजाच्या मागण्यांचे निवेदन दिले. त्यात शिक्षणासंबंधी जे मागितले, ते पुन्हा वाचण्यासारखे आहे. केवळ साक्षरता किंवा कारकुनी त्यांनी मागितली नाही. कला आणि कायद्याच्या शिक्षणापेक्षा विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या आणि परदेशी शिक्षणासाठी वेगळी रक्कम त्यांनी मागितली. ते स्वतः कला आणि कायद्याचे पदवीधर होते, हे लक्षात घ्यावे. ज्या समाजात मॅट्रिक झालेला मुलगा गावात एखादाच होता, त्या समाजासाठी ते परदेशातील तंत्रशिक्षण मागत होते. आधी सर्वांना चौथीपर्यंत पोहोचू द्या, मग पाहू, असे त्यांनी म्हटले नाही. चौथीचा आग्रह त्यांनी १९२७ सालीच धरला होता; दोन्ही मागण्या त्यांना एकाच वेळी हव्या होत्या.

वसतिगृहांचे महत्त्वही त्यांनी फार लवकर ओळखले. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले. शाळा आहे, पण शेजारी निवारा आणि भाकर नाही, म्हणून मूल गळते, हे त्यांना ठाऊक होते. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली, पुढच्या वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग भरत. १९५० साली सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले. मराठवाडा नुकताच निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला होता आणि साऱ्या प्रदेशात उच्च शिक्षणाची सोय अत्यंत तुटपुंजी होती. शहराबाहेरच्या उजाड माळावर इमारती उभ्या राहू लागल्या. बाबासाहेबांची प्रकृती तोवर ढासळली होती, मधुमेहाने पाय दुखत. तरी बांधकाम, झाडे आणि ग्रंथालय यांत ते जातीने लक्ष घालीत.

जून १९५२ मध्ये कोलंबियाने सन्माननीय पदवी देण्यासाठी त्यांना बोलाविले. ज्या विद्यापीठात ते साडेअकरा पौंडांवर राहिले होते, तेथे ते भारतीय संविधानाचे शिल्पकार म्हणून गेले.

औरंगाबादच्या महाविद्यालयाला त्यांनी पुढे मिलिंद हे नाव दिले. वस्तुतः मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा, मिनँडर. भिक्षू नागसेनाला त्याने प्रश्नांमागून प्रश्न विचारले आणि त्या संवादाचा ‘मिलिंदपञ्ह’ हा पाली ग्रंथ झाला. उत्तरे देणाऱ्या नागसेनाचे नाव त्यांना देता आले असते. प्रश्न विचारणाऱ्याचे दिले.